रिकामी खोली फिंचसाठी मोकळी करताना: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

पिंजरा न ठेवता घरातली एक अख्खी खोली फिंचना (दाणे खाणाऱ्या चिमुकल्या पाळीव पक्ष्यांना) उडायला द्यायची, तर आधी काय करायचं, काय टाळायचं आणि कुठे चुकतं, याची ही उत्तरं. मापं १० बाय १० फुटांच्या आणि साडेनऊ फूट उंचीच्या बेडरूमची धरली आहेत. नाशिकच्या बहुतेक टू बीएचके फ्लॅटमध्ये दुसरी बेडरूम साधारण एवढीच निघते.

कोणते फिंच घ्यावेत?

पहिल्यांदा करत असाल तर झेब्रा फिंच किंवा बंगाली फिंच. दोन्ही काटक आहेत, भारतात पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढलेले आहेत आणि एकत्र राहू शकतात. झेब्रा फिंच जेमतेम १० सेंटिमीटर लांब आणि १२ ते १५ ग्रॅम वजनाचा. नीट सांभाळला तर ५ ते ८ वर्षं सोबत करतो. म्हणजे आज घेतलेला निर्णय तेवढी वर्षं निभवायचा आहे. गोल्डियन देखणा आहे, पण त्याला थंडी, गडबड आणि श्वासनळीतले माइट्स (बारीक परजीवी किडे) यांचा त्रास लवकर होतो. खोलीचं एक पूर्ण वर्ष सुरळीत गेल्यावर त्याचा विचार करा.

लव्हबर्ड आणि बजरीगर या खोलीत नकोत. बजरीगर फिंचचे पाय चावतो, आणि काडीसारख्या पायाला एक चावा पुरतो.

बाजारात मुनिया स्वस्त मिळते. ती चालेल का?

नाही. लाल मुनिया, ठिपकेदार मुनिया, पांढऱ्या कंठाची मुनिया हे आपल्या रानातले पक्षी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. हिरव्या-गुलाबी रंगात बुडवून “कलर फिंच” म्हणून विकले जाणारे बरेच पक्षी या मुनियाच असतात. पंखाखालचा रंग आणि पिसाच्या मुळाचा रंग वेगळा दिसला, चोचीवर रंगाचा ओघळ दिसला, की तो पक्षी घेऊ नका. दया येऊन घेतलात तरी विकणारा त्या जागी दुसरा पकडून आणतो.

झेब्रा आणि बंगाली फिंचला हा कायदा आड येत नाही. फिंचच्याच कुळातला जावा स्पॅरो मात्र आंतरराष्ट्रीय व्यापार करार ‘साइटीस’च्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्रजातींची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. तो घ्यायचा असेल तर विकणाऱ्याकडून कागद मागून घ्या.

या खोलीत किती पक्षी मावतील?

मावतील पुष्कळ, ठेवावेत थोडे. सुरुवात सहापासून करा आणि बारावर थांबा. त्यापुढे घरट्यांवरून मारामाऱ्या सुरू होतात, दुबळ्या पक्ष्याला खाण्यापाशी जागा मिळत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रोजची मोजणी थांबते. वीस पक्ष्यांत एक आजारी पडला तर तो जमिनीवर मरून पडेपर्यंत कळत नाही. सकाळी एका नजरेत मोजता येतील इतकेच पक्षी त्या खोलीचे.

खोलीतून आधी काय काढायचं?

सीलिंग फॅन. नुसता बंद ठेवून चालत नाही. घरात कुणीतरी पाहुणा येतो, सवयीने बटण दाबतो, आणि संपलं. फॅन उतरवा, हुकावर झाकण बसवा आणि त्या बटणाची वायर इलेक्ट्रिशियनकडून बोर्डातून सोडवून घ्या.

मग कपाट. भिंत आणि कपाट यांच्यातली दोन-तीन इंचांची फट हा सापळा आहे. घाबरलेला पक्षी तिथे खाली घसरतो, पंख उघडायला जागा नसते आणि तो वर येऊ शकत नाही. कपाट काढता येत नसेल तर वरची आणि बाजूची फट प्लायच्या पट्टीने बंद करा. माळा असेल तर त्याला दारं किंवा जाळी लावा. टेबल, पलंग, पुस्तकांचं रॅक, आरसा, सगळं बाहेर. आरशाला धडकून मान मोडते. जोडून बाथरूम असेल तर त्याच्या दाराला आपोआप बंद होणारी स्प्रिंग हवी, कारण बादलीभर पाण्यात पडलेला फिंच स्वतःहून निघू शकत नाही.

उरलेल्या सॉकेटना प्लास्टिकची झाकणं लावा. लोंबणाऱ्या वायरी पट्टीत घाला. एसीच्या पाइपाभोवतीचं भोक सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा.

दाराचं काय करायचं?

पक्षी निसटतात ते जवळपास सगळे दारातून. इथे पैसे वाचवू नका.

एका दारावर भागत नाही. दोन दारं हवीत आणि दोन्हींच्या मध्ये माणसाला उभं राहायला जागा हवी. आपल्याकडे बेडरूमचं दार आत उघडतं, त्यामुळे आतल्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची चौकट करून जाळीचं एक छोटं दालन उभं करावं लागतं. दाराचा पल्ला तीन फुटांचा असेल तर दालन आतल्या बाजूला साडेतीन फूट खोल हवं, नाहीतर लाकडी दार पूर्ण उघडणारच नाही. मोजमाप घेताना फॅब्रिकेटर हेच विसरतो, म्हणून दार उघडून पल्ल्याची रेघ खडूने फरशीवर काढून दाखवा. दालनाची उंची छतापर्यंत न्या. वरून मोकळं ठेवलेलं दालन निरुपयोगी.

जाळीच्या दाराला स्प्रिंगचे बिजागर आणि खालून-वरून लोहचुंबकाचे कॅच लावा. दार दालनाच्या बाजूला उघडेल असं बसवा, म्हणजे आतला पक्षी दाराच्या पल्ल्याखाली चिरडत नाही. बाहेरच्या लाकडी दाराला लहान मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर कडी घाला.

जागाच नसेल तर खोलीबाहेरच्या पॅसेजला दुसरं दार करता येतं का ते पाहा. कापडी नेटचा पडदा हा उपाय बरेच जण सुचवतात. तो नको. वाढलेली नखं नेटमध्ये अडकतात, पक्षी उलटा लटकून फडफडत राहतो आणि पाय मोडून घेतो.

खिडकीला कोणती जाळी लावायची?

अर्धा इंच बाय अर्धा इंच चौकोनाची वेल्डेड जाळी. याहून मोठा चौकोन नको, नाहीतर नुकतं घरट्याबाहेर आलेलं पिल्लू डोकं घालून अडकतं. परवडत असेल तर स्टेनलेस स्टील ३०४ घ्या. गॅल्व्हनाइज्ड घेतली तर ती तशीच बसवू नका. तिच्या सांध्यांवर जस्ताचे सुटे थेंब असतात, ते चोचीने टोचून पोटात गेले तर विषबाधा होते. पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन तारेच्या ब्रशने घासा, धुवा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा. मग आतून मॅट काळा रंग दिलात तर चकाकी जाते आणि बाहेरचं स्वच्छ दिसतं. रंग पूर्ण सुकून वास जाईपर्यंत पक्षी आणू नका.

जाळी वेगळ्या चौकटीवर ताणून खिडकीच्या आतल्या बाजूला बसवा. कापलेल्या तारांची टोकं बीडिंग पट्टीखाली दाबलेली हवीत. चौकट भिंतीत स्क्रूने घट्ट, पण काढता येईल अशी ठेवा, काच पुसायला ती काढावी लागते. तीन ट्रॅकच्या स्लायडिंग खिडकीला मच्छरांच्या जाळीचं शटर असतंच. ते बाहेरून राहू द्या. डास चावल्याने पक्ष्यांना देवीचा रोग होतो, आणि गोदाकाठच्या वस्त्यांत पावसाळ्यानंतर डास कमी नसतात. तळमजल्यावर राहत असाल तर उंदरांसाठी पाव इंची जाळी घ्या. अर्ध्या इंचातून लहान उंदीर सहज येतो.

काचेला धडकतील ना?

पहिल्या आठवड्यात धडकतात. काच आतून साबणाच्या फेसाने पांढरी करा किंवा वर्तमानपत्र चिकटवा. आठवडाभराने खालून थोडं-थोडं पुसत जा. आत जाळीची चौकट असेल तर हा प्रश्न उरतच नाही. पक्षी जाळीवर बसतो, काचेपर्यंत जात नाही.

भिंतींना आणि फरशीला काय करावं?

भिंतींना धुता येणारा इमल्शन. रंग लागल्यापासून पक्षी येईपर्यंत किमान एक महिना खिडक्या उघड्या ठेवून जाऊ द्या. तुम्हाला वास येत नाही म्हणजे पक्ष्याला त्रास नाही, असं होत नाही. त्याची फुप्फुसं हवेतलं सगळं आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने शोषतात.

फरशी आहे तशी, टाइल्सचीच उत्तम. बसायच्या फांद्यांखाली वर्तमानपत्राचे चार-चार थर टाका आणि रोज वरचा थर काढा. लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्याचुरा, मक्याचं बुरकुंड अंथरू नका. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत त्यात बुरशी धरते, आणि त्या बुरशीने होणारा फुप्फुसांचा आजार बरा करणं फार कठीण असतं.

बसायला फांद्या कुठल्या? द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात.

नाशिकमध्ये हा प्रश्न हटकून येतो, म्हणून उत्तर सविस्तर. वेलीची काडी मुळात पक्ष्यांना चांगली. खरखरीत असते, जाडी कमी-जास्त असते. पण आपल्याकडच्या बागांत बोर्डो मिश्रण, इतर बुरशीनाशकं, कीटकनाशकं वर्षभर फवारली जातात. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड चोळलं जातं. हे सालीत बसलेलं असतं, धुऊन पूर्ण जात नाही. फिंच साल टोचत बसतात. म्हणून पिंपळगाव, दिंडोरी, ओझर कुठल्याही व्यापारी बागेतली काडी आणू नका. घराच्या मांडवावरचा, कधीही न फवारलेला वेल असेल तर गोष्ट वेगळी.

पेरू, कडुनिंब, जांभूळ, बांबू यांच्या फांद्या घ्या. कण्हेर, रुई, धोतरा यांचं काहीही खोलीत येऊ देऊ नका. फांद्या ब्रशने धुवा, उकळतं पाणी ओता, उन्हात कडकडीत वाळवा. जाडी ८ ते १४ मिलिमीटर, एकाच फांदीवर वेगवेगळी असली तर पाय निरोगी राहतात. गुळगुळीत प्लास्टिकचे दांडे नकोत.

मांडणी अशी करा: खोलीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींपाशी फांद्या आणि मधले सहा-सात फूट पूर्ण मोकळे. मधे झाडं, झोके, खेळणी टांगून खोली सजवली की उडण्याची जागा संपते आणि पक्षी नुसत्या उड्या मारतात. खोली दिली ती उडण्यासाठी, हे मांडताना लक्षात ठेवा. दोन्ही टोकांच्या सर्वांत उंच फांद्या एकाच पातळीवर हव्यात. एकच उंच जागा असेल तर रोज संध्याकाळी तिच्यावरून भांडणं होतात. खाण्या-पाण्याच्या वर फांदी नको.

उजेड किती आणि कसला?

दिवसाला ११ ते १२ तास. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटची लुकलुक आपल्याला दिसत नाही, पक्ष्यांना त्रास देते. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी लावा. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात अतिनील-बी किरण येत नाहीत, त्यामुळे ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडं, अंड्यांची कवचं कमकुवत होतात. रोज सकाळी अर्धा तास काच सरकवून जाळीतून थेट ऊन येऊ द्या. जाळीजवळ एक फांदी ठेवली की पक्षी आपणहून तिथे पंख पसरून बसतात. खिडकी उत्तरेला असेल आणि ऊन येतच नसेल तर पक्ष्यांसाठीचा यूव्ही-बी दिवा एका फांदीच्या एक ते दीड फूट वर लावा आणि वर्षाने बदला. तो पेटत असला तरी त्यातले किरण क्षीण झालेले असतात.

संध्याकाळी दिवा एकदम बंद करू नका. आधी मोठा दिवा, मग पंधरा-वीस मिनिटांनी लहान. नाहीतर जो पक्षी जिथे असेल तिथेच अंधारात अडकतो.

रात्री अचानक फडफडाट होतो. का?

घाबरतात. मांजर, गाडीचा प्रकाशझोत, फटाका, रस्त्यावरची वरात. गणपतीत आणि लग्नसराईत नाशिक ढोलाचा दणका भिंतीतून येतो आणि अंधारात उडालेला फिंच भिंतीवर आपटतो. रात्रभर अर्ध्या वॉटचा एलईडी पेटता ठेवा, म्हणजे परत फांदी दिसते. तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, कारण वीज गेल्यावरच त्याची खरी गरज असते. दिवाळीच्या चार रात्री काचा बंद, जाड पडदे ओढलेले आणि खोलीत मंद आवाजात रेडिओ सुरू.

डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत टिकतील का?

हिवाळ्यात शहरात पहाटेचा पारा १० अंशांखाली जातो, निफाडकडे त्याहूनही खाली. मोठा, निरोगी, नोव्हेंबरपासून हळूहळू थंडीला सरावलेला झेब्रा फिंच तग धरतो. पिल्लं, अंड्यावरच्या माद्या आणि नवे आणलेले पक्षी धरत नाहीत. खोली १५ अंशांच्या वर ठेवा. सूर्यास्ताआधी काच बंद करा, वरच्या बाजूला बोटभर फट ठेवा. वाऱ्याचा झोत फांद्यांवर येता कामा नये. कोरडी थंडी परवडते, झोत परवडत नाही.

गरज पडली तर तेल भरलेला, बंद रेडिएटरचा हीटर वापरा आणि त्याभोवती जाळीची चौकट ठेवा. उघड्या कॉइलचा हीटर, हॅलोजन हीटर आणि कोळशाची शेगडी पूर्ण वर्ज्य. शेगडीच्या धुराने एका रात्रीत सगळी खोली संपते.

आणि एप्रिल-मेमध्ये?

चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, धाप लागलेली: पक्ष्याला उष्मा होतोय. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा बाहेरून लावा आणि दुपारी भिजवत राहा. नाशिकची उन्हाळी हवा कोरडी असल्याने कूलर चांगला चालतो, पण त्याचं तोंड जाळीने झाका आणि हवा भिंतीकडे वळवा. एसी असेल तर २७ अंशांखाली नेऊ नका, त्याच्या पात्यांवर जाळी बसवा.

पावसाळ्यात एक्झॉस्ट फॅन सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं चालवा. त्यालाही आतून जाळी हवीच.

खायला काय आणि किती?

एका पक्ष्याला दिवसाला सुमारे ५ ग्रॅम दाणे, फोलपटासह. आठ पक्ष्यांना महिन्याला सव्वा किलो लागतं, सांडलेलं धरून दीड किलो आणा. मिश्रण असं: निम्मा राळा (पक्ष्यांच्या दुकानात याला कांगणी म्हणतात), वीस टक्के सालासकट सावा, वीस टक्के बारीक बाजरी, उरलेली नाचणी. उपवासाची भगर सोललेली असते. ती लवकर खवट होते आणि मोड येत नाहीत, म्हणून रोजच्या दाण्यात नको.

दाणा ताजा आहे का ते घरी पाहता येतं. शंभर दाणे ओल्या कापडात बांधून ठेवा. चार दिवसांत ऐंशीच्या वर मोड आले तर दाणा जिवंत. पन्नासच आले तर दुकान बदला. घरच्या धान्याला आपण बोरिक पावडर लावतो, बिब्बे घालतो. पक्ष्यांच्या दाण्यात यातलं काहीही नको. कीड लागू नये म्हणून आणल्याबरोबर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. पावसाळ्यात महिन्यापेक्षा जास्त साठा करू नका.

फसवणारी गोष्ट एकच: वाटी भरलेली दिसते आणि आत नुसती फोलपटं असतात. रोज फुंकून पाहा. भरल्या वाटीसमोर फिंच उपाशी मरतात, आणि त्यांना एक दिवसही उपास सोसत नाही.

याशिवाय समुद्रफेस कायम टांगलेला असावा (कटलफिश या समुद्री प्राण्याचं हाड; काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, नुसता, औषध न लावलेला घ्या). आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून, जोडीला एक चमचा. दोन तासांनी उरलेलं उचला. हिरवं म्हणून कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला. बाजारच्या भाजीवरच्या फवारणीची धास्ती वाटत असेल तर ट्रेमध्ये माती घालून राळाच पेरा. आठ-दहा दिवसांत बोटभर उंच होतो, तो ट्रेच खोलीत ठेवा. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, खारट फरसाण कधीही नाही.

आंघोळीला पाणी ठेवायचं का?

रोज. पसरट मातीची परळ, पाणी दोन सेंटिमीटर, दुपारपर्यंत उचलायची. पिण्याचं पाणी वेगळं आणि दिवसातून एकदा धुतलेल्या भांड्यात.

पहिल्या दिवशी सरळ सोडायचे का?

नाही. आधी तीस दिवस घरातल्या दुसऱ्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात. आजार असेल तर तो या काळात दिसतो. विष्ठेची तपासणी करून घ्या.

मग मोठा पिंजरा, ३० बाय १८ बाय १८ इंचांचा, या खोलीत छातीच्या उंचीवर ठेवा आणि त्यातच त्यांना आठवडाभर राहू द्या. खोलीची ओळख नजरेने होऊ द्या. नंतर एका सकाळी, संध्याकाळी कधीच नाही, पिंजऱ्याचं दार उघडा आणि खोलीबाहेर जा. कुणी दोन मिनिटांत बाहेर येईल, कुणी दोन दिवसांनी. हाकलू नका. खाणं पुढेही त्याच पिंजऱ्यात ठेवायचं. याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

मोकळ्या खोलीत पक्षी पकडायचा कसा?

खोली करताना बहुतेक जण याचा विचारच करत नाहीत, आणि आजारी पक्षी दिसला की टॉवेल घेऊन अर्धा तास पाठलाग करतात. त्या पाठलागानेच तो दगावतो.

खाण्याचा पिंजरा हीच पकडण्याची जागा. त्याचं दार वर सरकणारं असू द्या, त्याला मासेमारीची जाड दोरी बांधा, ती भिंतीवरच्या कडीतून जाळीच्या दालनापर्यंत आणा. सकाळी सगळे खायला आत गेले की दोरी सोडायची, दार खाली. महिन्यातून एकदा, काही काम नसतानाही, दार बंद करून दहा मिनिटांनी उघडा. त्यांना सवय होते आणि तुमची दोरी अडकत नाही ना हेही कळतं.

अगदीच नाइलाज असेल तर रात्री, पक्षी कुठे बसलाय ते पाहून ठेवून, दिवा बंद करून, मऊ कापडी जाळ्याने.

अंडी घालतच राहतात. थांबवायचं कसं?

झेब्रा फिंचची मादी एका वेळी ४ ते ६ अंडी घालते, १२ ते १४ दिवसांत पिल्लं निघतात, तीन आठवड्यांत घरट्याबाहेर येतात आणि तीन महिन्यांत स्वतः वयात येतात. मोकळ्या खोलीत तीन जोड्यांचे वर्षभरात किती होतील याचा हिशेब करून पाहा. सतत अंडी घालणारी मादी कॅल्शियम संपून अंडं अडकून मरते, हे त्याहून वाईट.

पिल्लं नको असतील तर सगळे नरच घ्या. झेब्रात ओळख सोपी, नराच्या गालावर नारिंगी ठिपका असतो. जोड्या असतील तर घरट्याच्या टोपल्या, काथ्या, अंड्याचं खाणं काढा आणि उजेड दहा तासांवर आणा. तरीही कोपऱ्यात अंडी घातली तर ती नुसती उचलू नका, मादी लगेच नवी घालते. त्याजागी प्लास्टिकची खोटी अंडी ठेवा आणि तिला कंटाळू द्या.

पिल्लं हवी असतील तर वर्षातून दोनदाच. जोडीमागे दोन टोपल्या, सगळ्या एका उंचीवर. घरट्यासाठी काथ्या दोन-तीन इंच कापून द्या. लोकर, शिवणाचा दोरा, सुतळी नको, पायाला वेढा बसून पंजा काळा पडतो.

स्वयंपाकघर शेजारीच आहे. चालेल?

नॉनस्टिक भांडी घरातून काढता येत असतील तरच. तापून कोरडं पडलेलं टेफ्लॉनचं आवरण धूर सोडतं आणि त्याने पक्षी काही मिनिटांत मरतात, भिंतीपलीकडे असले तरी. लोखंडी तवा, स्टीलची कढई वापरा. फोडणीचा ठसका, उदबत्ती, धूप, कापूर, मच्छर अगरबत्ती, लिक्विड मशीन, रूम फ्रेशनर हे सगळं या खोलीपासून दूर. देवघर त्याच बाजूला असेल तर पूजेच्या वेळी खोलीचं दार आणि त्याखालची फट बंद असावी.

मुंग्या, झुरळं, उंदीर?

सांडलेला दाणा रोज उचलला तर निम्मा प्रश्न संपतो. खाण्याचा पिंजरा भिंतीला टेकवू नका, छताच्या हुकाला साखळीने टांगा. तेल, ग्रीस, लक्ष्मणरेषेचा खडू वापरू नका. पिसांना लागलेलं ग्रीस पक्षी चोचीने साफ करतो आणि गिळतो. पेस्ट कंट्रोल या खोलीत नाहीच. बाकी घरात करायचं असेल तर पक्षी दोन दिवस दुसऱ्या घरी हलवा. खिडकीच्या ग्रिलवर बसणाऱ्या पारव्यांसाठी बाहेरून नेट लावून घ्या, त्यांच्या विष्ठेतून आणि पिसांतून रोग येतात. कुणी पोल्ट्रीवर काम करत असेल तर चप्पल आणि कपडे बदलूनच खोलीत यावं. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तो पोल्ट्रीतच.

घरात दमेकरी आहेत. त्रास होईल का?

होऊ शकतो. पिसांची भुकटी आणि वाळलेली विष्ठा श्वासातून जाऊन फुप्फुसांना सूज येते, याचा रुग्णांना कायमचा त्रासही राहतो. घरात दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग जाळीचं माप घ्या. इतरांनीही झाडू मारू नये. आधी पाणी फवारायचं, मग ओल्या कापडाने पुसायचं, एन-९५ मास्क घालून. रोज कागद आणि भांडी, आठवड्याला फरशी आणि फांद्या, महिन्याला भिंती.

पक्षी आजारी आहे हे कसं ओळखायचं?

फुगून बसलेला, दिवसा डोळे मिटणारा, जमिनीवर राहणारा, बसल्याबसल्या शेपटी वर-खाली करणारा. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी वेगळ्या पिंजऱ्यात, ३० अंशांच्या उबेत ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. श्वास घेताना टकटक आवाज आला तर श्वासनळीतले माइट्स असू शकतात. मादी जमिनीवर बसून कुंथत असेल तर अंडं अडकलंय, तिच्याकडे काही तासच आहेत. दुकानदाराने दिलेली पिवळी पावडर पाण्यात घालू नका. १३ ग्रॅमच्या जिवाला औषधाचं माप अंदाजाने देता येत नाही. पक्षी हाताळणारा पशुवैद्य कोण, हे पक्षी आणायच्या आधीच शोधून ठेवा.

चार दिवस गावाला जायचं झालं तर?

दोन ठिकाणी दाणा, दोन ठिकाणी पाणी ठेवा आणि रोज एकदा येऊन मोजणारं माणूस नेमा. दोन दारांचा क्रम त्याच्याकडून समोर उभं राहून करून घ्या. तोंडी सांगणं पुरत नाही.

पक्षी जास्त झाले तर नांदूर मधमेश्वरला सोडून द्यावेत का?

कृपा करून नाही. नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), रानपक्ष्यांचं घर. पिंजऱ्यात जन्मलेल्या फिंचला तिथे दाणा शोधता येत नाही आणि शिक्रा ओळखू येत नाही. दोन दिवसांत मरतो, किंवा आपला आजार तिथल्या मुनियांना देऊन मरतो. गंगापूर धरणाचा काठ, पांडवलेण्याचा डोंगर, सगळीकडे हेच लागू. जास्तीचे पक्षी दुसऱ्या नीट सांभाळणाऱ्याकडे द्या.

एखादा निसटलाच तर?

मागे धावू नका. त्याचा जोडीदार पिंजऱ्यात घालून खिडकीत किंवा गच्चीवर ठेवा, शेजारी दुसरा पिंजरा दार उघडून, आत राळ्याची वाटी. फिंच जोडीदाराच्या हाकेला उत्तर देतो आणि पहिले काही तास जवळपासच्याच झाडावर असतो. कावळे आणि मांजरं हाकलायला एक माणूस पिंजऱ्यापाशी थांबवा. अंधार पडला तर पिंजरे आत घ्या आणि पहाटे उजाडण्यापूर्वी पुन्हा त्याच जागी ठेवा.